सही माझी आहे, पण मी सभेला नव्हतो

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आपली गृहनिर्माण सहकारी संस्था मर्यादित

प्रत : लेआउटमधील सर्व प्लॉटधारक

विषय : मोकळ्या जागेचं कुलूप, बारा वर्षं न झालेली निवडणूक आणि घरपोच सह्या

स. न. वि. वि.

यंदाची कोजागिरी आपल्या लेआउटनं पहिल्यांदाच रस्त्यावर केली. ६ ऑक्टोबर, सोमवार. दुधाचं गंज माझ्या फाटकासमोर तीन विटांवर चढवलं होतं आणि एखादी फटफटी आली की सतरंजीवरचे निम्मे लोक उठून बाजूला होत होते. पोरींनी भुलाबाई माझ्या ओट्यावर मांडली, कारण मांडायला दुसरी जागा राहिली नव्हती. रस्त्याच्या पलीकडे आपली सोळा हजार चौरस फुटांची मोकळी जागा होती. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ लेआउटमध्ये राहत नाहीत, संस्थेचे सभासदही नाहीत.

दूध आटेपर्यंत जे बोलणं झालं त्यातून हे पत्र निघालं. लिहितो मी आहे, पण सोबत एकोणतीस जणांच्या सह्या आहेत. बंद पाकिटातली याआधीची तीन पत्रं तुमच्या कपाटात गेली ती गेलीच, म्हणून हे उघडं लिहितो.

मी प्लॉट क्रमांक २७. एसटीत वाहक होतो, १९८८ ते २०१९. प्लॉट घेतला १९९१ साली, तीस बाय पन्नास, अकरा रुपये फुटानं. तेव्हा इथं पऱ्हाटीचं वावर होतं आणि खुंट्या ठोकलेल्या होत्या, बाकी काही नव्हतं. सचिवभाऊ, त्या दिवसांतलं तुमचं काम मी विसरलेलो नाही. अकृषक आदेशासाठी तुम्ही अमरावतीला किती खेपा घातल्या ते मला माहीत आहे, कारण त्यातल्या कितीतरी खेपांना तुमचं तिकीट मीच फाडलं आहे. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जावी म्हणून तुम्ही स्वतःच्या खिशातून चहा पाजले. त्याची एक पावती तुम्ही कधी लावली नाही, आणि आम्हीही कधी मागितली नाही. तिथंच सवय लागली असावी, दोघांनाही.

आता माझ्या बाजूची गोष्ट आधी सांगतो. ती सांगितल्याशिवाय तुमच्याकडे बोट दाखवायचा मला हक्क नाही.

वार्षिक सभा रविवारी असायची. रविवारी मला ड्यूटी असायची, नाहीतर मुक्कामी गाडीवरून आलेलो असायचो. सभेच्या दिवशी संध्याकाळी संस्थेचा पोरगा सायकलवर रजिस्टर घेऊन यायचा. फाटकावरूनच आवाज द्यायचा, "काकाजी, सयी राह्यली तुमची सभेची." मी लुंगीवर बाहेर यायचो, रजिस्टर सायकलच्या सीटवर ठेवायचो आणि सही करायचो. पान वर दुमडलेलं असायचं, फक्त नावांच्या ओळी दिसायच्या. सायकल जाऊन पुढं स्कूटी आली. निवृत्त झालो, रविवार मोकळे झाले, तरी मी सभेला गेलो नाही. घरी सही करायची सवय झाली होती. किती वर्षं केली, ते मोजलं तर अकरा होतात.

यंदा जूनमध्ये मोकळ्या जागेवर जेसीबी आला. कडूनिंब पडला. कुंपण झालं, हिरवळ टाकली आणि 'लॉन'ची पाटी लागली. तेव्हा जाग आली. २८ सप्टेंबरच्या सभेला मी पहिल्यांदा वेळेवर, दहाच्या ठोक्याला गेलो. तुमच्यासह नऊ माणसं होती. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, ज्यांची वावरं आहेत ते सगळे मजुरांच्या मागे. मी मागची रजिस्टरं पाहायला मागितली. तुम्ही 'नंतर, नंतर' म्हणत होतात, पण समोर टेबलावरच होती, म्हणून मी उभ्या उभ्या उघडली. २०२३ ची वार्षिक सभा. ठराव क्रमांक सात, 'मोकळ्या जागेच्या विकासाबाबत'. ही जागा मंगल कार्यासाठी कराराने देण्यास सर्वानुमते मंजुरी. हजर सभासद चौतीस. अनुक्रमांक एकोणीसवर माझी सही.

सही माझीच आहे. मी ती नाकारत नाही. पण त्या दिवशी दुपारी मी धाकट्या मुलीकडे वर्ध्याला होतो आणि संध्याकाळी परत येऊन सायकलच्या, म्हणजे स्कूटीच्या सीटवर सही केली होती. माझ्या दोन्ही मुलींची लग्नं त्याच मोकळ्या जागेवर झाली. पेंडॉलवाल्याचे पैसे सोडून जागेचा एक रुपया लागला नाही. बायकोच्या तेरवीला पंगत बसली तीही तिथंच. ती जागा देऊन टाकणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे, हे मी उभ्यानं वाचलं, आणि तुमचा हात हळूच पानावर आला.

इथून पुढं तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, म्हणून काही ठिकाणी लांबेल.

पहिली तक्रार या सह्यांचीच. आदर्श उपविधीप्रमाणे (म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीचे शासनाचे नमुना नियम) सर्वसाधारण सभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला कमीत कमी लागणारी हजेरी, ही एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यातला जो आकडा कमी तो. आपण बासष्ट सभासद, म्हणजे वीस जण लागतात. वीस जमले नाहीत तर सभा तहकूब करता येते, त्याच दिवशी पुन्हा घेता येते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन राहत नाही. म्हणजे यंदासारख्या नऊ माणसांतही सभा चालवायचा सरळ रस्ता तुम्हाला होता. तो तुम्ही घेतला नाही. घेतला असता तर २०२३ च्या इतिवृत्तात हजेरीचा खरा आकडा लिहावा लागला असता, आणि मूठभर माणसांनी बासष्ट जणांची जागा दिली हे पुढं कोणीही वाचलं असतं. चौतीस सह्या त्यासाठी लागल्या. कायद्याची ३० सप्टेंबरची मुदत तुम्ही दरवर्षी पाळता, हे मान्य. पण मुदत पाळली म्हणजे सभा झाली असं होत नाही.

आणि नोटीस. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी मिळायला हवी. आपली नोटीस संस्थेच्या ऑफिसच्या आतल्या फळ्यावर लागते आणि ऑफिस आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी एक तास उघडतं. नोटीस बाहेर आली, तर निदान रस्त्यानं जाणारा तरी वाचेल.

दुसरी, मोकळ्या जागेची. लेआउटचा नकाशा मंजूर करताना जमिनीचा साधारण दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो. मेहेरबानी म्हणून नव्हे, ती नकाशा मंजूर होण्याची अटच असते. आपल्या पावणेचार एकरांत ती जागा नकाशावर दाखवली आहे, म्हणूनच आपले बासष्ट प्लॉट पडू शकले. प्रत्येकानं फुटाचा भाव दिला त्यात त्या जागेचेही पैसे आलेच. ती सगळ्यांनी मिळून वापरायची. तिचा वापर बदलायचा तर नकाशा मंजूर करणाऱ्या कार्यालयाची परवानगी हवी. ती आहे का? असेल तर दाखवा. करार किती वर्षांचा? भाडं किती, कोणत्या खात्यात जमा होतं? भर सभेत मी हे तीन प्रश्न विचारले. अध्यक्षसाहेब म्हणाले, "तुम्ही नंतर घरी या, सांगतो." अध्यक्षसाहेब, तुमच्या घरचा चहा मला आवडतो. पण हे सभेतच सांगायचं होतं.

त्या जागेवर काय काय व्हायचं, याची यादी कराराच्या कागदात नसणार, म्हणून इथं लिहून ठेवतो. उन्हाळ्यात बाया पापड-कुरड्या वाळवत. पोळ्याला बैल उभे राहत, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडाचे बैल घेऊन. गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना व्हायची. २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, सगळे झाडू घेऊन यायचे, आणि झाडझूड झाली की निंबाखाली रोडगे. गोवऱ्यांच्या राखेतून काढलेले, राख झटकून तुपात बुडवलेले रोडगे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. सचिवभाऊ, भाजीला फोडणी तुम्हीच द्यायचे आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. तो निंब १९९२ साली लावला होता. मुक्कामी गाडीवरून आलो की अंघोळीच्या आधी एक बादली मी त्याला घालायचो. आता त्याच्या बुंध्याच्या जागेवर नवरा-नवरीच्या फोटोसाठी फायबरचं कारंजं बसवलं आहे.

प्लॉट १४ च्या घरी मुलाचं लग्न काढलं. लॉनवाल्यांनी सभासद म्हणून 'सवलतीत' पंधरा हजार सांगितले. आपल्याच जागेत आपल्यालाच सवलत.

तिसरी तक्रार, निवडणूक. शेवटची निवडणूक झाली २०१३ ला. समितीची मुदत पाच वर्षांची, म्हणजे २०१८ ला संपली. कोरोनाच्या काळात शासनानंच सहकारी संस्थांच्या निवडणुका पुढं ढकलल्या होत्या, ती वर्षं मी तुमच्या हिशेबात धरत नाही. ती वजा केली तरी उरलेल्या वर्षांचं उत्तर मिळत नाही. चौकातल्या पानटपरीवर तुमच्यापैकी एक जण म्हणाले, "कोर्टानं थे सारं रद्द केलं नं भाऊ, आता इलेक्शन घ्याचं बंधन नाही." मी त्यांचं नाव घेत नाही, पण गोष्ट अर्धी सांगितली, ती पूर्ण करतो. सहकारी संस्थांच्या निवडणुकांचे आणि मुदतीचे नियम घटनेत घालणारी ९७ वी घटनादुरुस्ती १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाली. २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तिच्यातला सहकारी संस्थांचा भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द केला, कारण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नव्हती. हे खरं. पण आपली संस्था चालते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० वर. पाच वर्षांची मुदत त्या राज्याच्या कायद्यात आहे आणि तो कायदा कोर्टानं रद्द केलेला नाही. उलट २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात वेगळं प्रकरण घातलं. २५० पर्यंत सभासदांच्या संस्थांना निवडणूक घेणं सोपं करून दिलं. त्यामुळं खर्चाचं कारणही उरत नाही.

समितीचा फलक मागच्या दसऱ्याला नव्यानं रंगवला. पिवळ्यावर लाल अक्षरं, छान काढली आहेत. त्यात चौथं नाव ज्यांचं आहे ते वारून तीन वर्षं झाली. सहावे पुण्याला मुलाकडे राहतात, दिवाळीला येतात. पेंटरला जुना फलक समोर ठेवून दिला असणार आणि त्यानं इमानदारीनं उतरवला. महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. फलकावर एकही बाई नाही, आणि लेआउटमध्ये पाणी कधी येतं, किती येतं, हे पुरुषांना विचारावं लागलं तर ते घरात जाऊन विचारून येतात.

चौथी वारसांची. लेआउटमध्ये नऊ घरं अशी आहेत की मूळ सभासद वारला आणि भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) अजून त्याच्याच नावावर आहे. प्लॉट ४१ च्या वहिनींनी तीन वर्षांपूर्वी अर्ज दिला. त्यांना एकवीस हजार 'विकास निधी' सांगितला. वहिनी अंगणवाडीत मदतनीस आहेत. एकवीस हजार म्हणजे काय हे तुम्हाला समजावं म्हणून सांगतो. आता कायद्याचं. प्लॉट दुसऱ्याच्या नावावर करताना संस्था जी रक्कम घेते तो हस्तांतरणाचा प्रीमियम, आणि शासनानं ऑगस्ट २००१ मध्ये त्याची कमाल मर्यादा ठरवली. महापालिका हद्दीत पंचवीस हजार, आणि उतरत उतरत ग्रामपंचायत हद्दीत पाच हजार. आपण ग्रामपंचायतीत. म्हणजे परक्याला विकला तरी पाच हजारांच्या वर नाही. आणि वारसाच्या नावावर करायला तर प्रीमियम घ्यायचाच नाही, आदर्श उपविधीतच तसं आहे. सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. वहिनींच्या अर्जाला छत्तीस महिने झाले.

हे फक्त पैशाचं नाही. नाव लागलं नाही तर मत नाही. नऊ घरं मतदार यादीच्या बाहेर राहिली की बासष्टचे त्रेपन्न होतात, आणि उरलेल्यांतले निम्मे सही घरी करतात. वारलेल्यांच्या नावासमोर मात्र कधी सही आलेली दिसत नाही. तेवढं तुम्ही सांभाळलं.

पाचवी, पैशाची. इथं मी माझ्या धंद्यातलं बोलतो, ऐकून घ्या. वाहकाला रात्री डेपोत गेल्यावर वेबिल भरावं लागतं. कोणत्या स्टॉपवर तिकिटाचा कोणता नंबर सुरू होता, कुठं संपला, किती माणसं चढली, सगळं लिहायचं. रोकड जुळली नाही तर खिशातून घालायची, आणि जास्त निघाली तरी सांगायची. जास्त कशी निघाली याचाही जाब असतो. एकदा गर्दीत दोन तिकिटं राहून गेली आणि पुढच्या फाट्यावर चेकिंगला सापडलो. रक्कम पाच रुपयांच्या आत होती. लेखी जाब द्यावा लागला आणि माझ्या कागदावर ती केस निवृत्तीपर्यंत राहिली. चूक माझी होती, मला त्याचा राग नाही. पण ज्या माणसानं पाच रुपयांसाठी जाब दिला त्याला तुम्ही म्हणता, 'विश्वास ठेवा'.

पाण्याचे दर घरी महिना तीनशे होते, ते पाचशे झाले. उन्हाळ्यापासून बोअरची मोटर तीनदा जळाली आणि भरून आणली असं सांगता. असेल, आपल्याकडचं व्होल्टेज सगळ्यांना माहीत आहे. पण भरणावळीची बिलं कुठं? २०२२ पासून छापील पावती बंद झाली. आता ऑफिसच्या दारावर क्यूआर कोड चिकटवला आहे. मोबाइल धरला की नाव येतं ते संस्थेचं नाही, एका व्यक्तीचं आहे. मी चोरी झाली असं म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे कागद नाही, आणि कागद नसताना मी कोणालाही तसं म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो की वेबिल दाखवा. दरवर्षी लेखापरीक्षण व्हायला हवं आणि त्याचा अहवाल वार्षिक सभेपुढं यायला हवा. एकोणतीस जणांत एकानंही तो पाहिलेला नाही.

भाडेकरूंचंही थोडं. प्लॉट ८ मध्ये राहणाऱ्या सिस्टरांकडून पाण्याचे दुप्पट घेतले जातात. मालक स्वतः राहत नसेल तर संस्थेला जो आकार घेता येतो तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच, आणि तोही मालकाकडून. रात्री-बेरात्री ताप घेऊन आपणच त्यांच्या दारात जातो.

रस्ते आणि दिवे ग्रामपंचायतीकडं हस्तांतरित का झाले नाहीत, हा वेगळा विषय आहे, लांबलचक आहे, आणि त्यात ग्रामपंचायतही धुतल्या तांदळाची नाही. तो निवडून येणाऱ्या समितीनं पाहावा.

लोक म्हणतील, आपल्याकडं सहकार म्हणजे असंच असतं. सहकार तिकडचा, साखरेवाल्यांचा, आपल्या वाट्याला १९७२ च्या एकाधिकार कापूस खरेदीतले चुकाऱ्याचे हप्ते आणि जिनिंगच्या बंद पडलेल्या शेडी. हे मी गाडीत हजारदा ऐकलं आहे, मागच्या सीटवरून पुढच्या सीटपर्यंत. पण ही काही सूतगिरणी नाही. बासष्ट घरांचा एक बोअर, एक टाकी आणि एक मोकळी जागा आहे. एवढं चालवायला तिकडचा कोणी यायला नको.

दुसरं तुमचं नेहमीचं म्हणणं असं की, 'काम करायला कोणी पुढं येत नाही, बोलायला सगळे येतात.' हे बारा वर्षांपूर्वी खरं होतं. आज आठ जण तयार आहेत, त्यात तीन बाया. माझं नाव त्यात नाही. अकरा वर्षं न वाचता सही करणाऱ्याला निवडून देऊ नये, असं माझं स्वतःचं मत आहे.

आता मागण्या.

विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. कलम ७६ प्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत ती बोलवावी लागते. आपल्या बासष्टांत तेरा सह्या पुरतात, इथं एकोणतीस आहेत. सभा रविवारी सकाळी नको, संध्याकाळी सहानंतर घ्या, वावरातून माणूस घरी येऊन हातपाय धुईल अशा वेळी. आणि ऑफिसात नको, मोकळ्या जागेवर घ्या. त्यासाठी कुलूप काढावं लागेल, तेही त्या निमित्तानं होईल. हजेरीची सही सभेच्या जागीच, सभा संपल्यावर, सगळ्यांसमोर. रजिस्टर कोणाच्या घरी जाणार नाही.

लॉनचा करार सभेपुढं ठेवा, जसाच्या तसा. निर्णय होईपर्यंत नवीन बुकिंग घेऊ नका. ज्यांच्या तारखा आधीच ठरल्या आहेत त्यांची लग्नं व्हावीत. कोणाच्या मांडवाला आमच्या भांडणाची झळ लागायला नको.

२०१३ पासूनचे लेखापरीक्षण अहवाल, सभांची इतिवृत्तं, सभासद यादी आणि बँकेचं पासबुक पाहायला द्या. सभासदाला कागद पाहायचा हक्क आहे, प्रतींची फी आम्ही भरू. पैशांसाठी संस्थेच्या नावाचं खातं आणि त्याचाच क्यूआर कोड लावा, बाकीचा आजच काढा.

नऊ वारसांची नावं निवडणुकीच्या आधी लावा, प्रीमियम न घेता. ज्यांनी आधीच भरला असेल त्यांचा हिशेब द्या. त्यानंतर निवडणूक जाहीर करा. यादी लावताना एक लक्षात असू द्या. ज्यांचं तुमच्याशी पटत नाही ते ऐनवेळी थकबाकीदार निघतात, हे आपण इतरत्र पाहिलेलं आहे. म्हणून आम्ही एकोणतीस जण पाण्याचे पैसे थांबवणार नाही. काही तरुणांचं म्हणणं होतं की थांबवावेत. आम्ही त्यांना समजावलं. नोव्हेंबरपासून प्रत्येक जण संस्थेच्या नावानं रेखांकित चेक देईल आणि पोच घेईल.

महिन्याभरात सभा बोलावली नाही तर आम्ही तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडं कलम ८३ खाली चौकशीचा अर्ज देऊ. त्यालाही एक पंचमांशच सभासद लागतात. हे धमकी म्हणून लिहीत नाही, पुढं कोणी 'आम्हाला सांगितलं नव्हतं' म्हणू नये म्हणून लिहितो. आमची इच्छा अशी आहे की हे लेआउटच्या आतच मिटावं. निबंधक कार्यालयात तारखेला गेलो तरी एकाच एसटीत जावं लागेल, तुम्हालाही आणि आम्हालाही.

सह्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. या वेळी कागद घेऊन कोणाच्या दारी कोणी गेलं नाही. पत्र माझ्या ओट्यावर दगडाखाली ठेवलं होतं, सात पानं. ज्याला वाटलं तो आला, वाचलं, सही केली. तिघांनी वाचून सही न करता परत ठेवलं, त्यांच्याशी आमचं बोलणं नेहमीसारखंच आहे. प्लॉट ४१ च्या वहिनी सगळ्यात जास्त वेळ बसल्या. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सांगितली, ती मी केली. त्यांची सही एकोणतीसमध्ये धरलेली नाही, कारण कागदावर त्या अजून सभासद नाहीत. ती खाली, वेगळी घेतली आहे.

आपला,
प्लॉट क्रमांक २७
निवृत्त वाहक
१२ ऑक्टोबर २०२५

सोबत : २९ सभासदांच्या सह्या, तसेच एक सही वेगळी

ता. क. : या पत्राची एक प्रत ऑफिस उघडेल त्या दिवशी मी स्वतः आणून देतो. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच द्यावी. शिक्का कपाटात असेल तर मी थांबतो.